वीस तारखेलाच डबे वाजायला लागतात

प्रश्न: भुसावळच्या एका ताईंचा आहे. घरात पाच माणसं: नवरा-बायको, सासूबाई, नऊ आणि सहा वर्षांची दोन मुलं. मिस्टरांचा पगार १८,००० रुपये, त्यातले ४,५०० घरभाड्यात जातात. किराणा कोपऱ्यावरच्या दुकानातून वहीवर येतो, महिन्याला ७,००० च्या पुढे जातो, आणि मागची ४,००० उधारी अजून फिटलेली नाही. लाडकी बहीणचे १,५०० येतात, तेही त्यातच मिसळून जातात. रेशन कार्डावर धान्य मिळत नाही. तरी वीस तारखेला तेल आणि डाळ संपलेली असते. 'भाजीत पाणी वाढवून बघितलं, मुलं जेवत नाहीत. आता काय कमी करू?'

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी ते पाणी वाढवणं बंद करा. त्यानं पैसे वाचत नाहीत. मुलं अर्धपोटी उठतात आणि तासाभरात दहा रुपये मागतात. ते दहा रुपये तुमच्या यादीत कुठेच दिसत नाहीत, पण जातात.

मी जळगावात बावीस वर्षं मेस चालवते. कधी पंचवीस पोरं असतात, परीक्षेच्या दिवसांत साठही होतात. ताटाचे पैसे मला मनाला येईल तसे वाढवता येत नाहीत, कारण पुढच्या गल्लीत दुसरी मेस आहे. भाजी पातळ केली तर पोरं तोंडावर काही बोलत नाहीत, महिना संपला की डबा बदलतात. त्यामुळे ताटाला हात न लावता पैसे कुठून काढायचे हे मला शिकावंच लागलं. ते निघतात ताटाच्या आधी: खरेदीच्या दिवशी, तेलाच्या पळीत, गॅसच्या बटणावर आणि आमच्या उन्हात.

तुम्ही महिन्याची यादी पाठवलीत हे फार बरं केलंत. तेल ५ लिटर, साखर ६ किलो, शेव २ किलो, तूरडाळ ३ किलो, कडधान्य 'कधीमधी', आणि मुलांचे पुडे रोजचे. ही यादी उलटी आहे. जे कमी हवं ते जास्त आहे, आणि जे जास्त हवं तेच तुम्ही कमी करायला निघाला आहात. भाव दर महिन्याला हलतात, माप हलत नाही, म्हणून मी वजनातच बोलते.

माझं मेसचं माप असं: माणशी रोज ५० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य. पाच माणसांचं महिन्याला साडेसात किलो होतं. तुमच्याकडे येते तीन किलो. म्हणून मुलांचं पोट भरत नाही. तेलाचं माप माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे तुमच्या घराला अडीच लिटर. तुमच्याकडे बरोबर दुप्पट जातंय. साखर चार किलोत आरामात भागते. शेव पावशेरावर आणा. मुलांचे पुडे, दोघांचे रोज दहा-दहा धरले तर शाळेच्या सव्वीस दिवसांचे ५२० रुपये झाले. त्यात जवळपास चार किलो डाळ येते. हे सगळं आवरलं की डाळ-कडधान्य साडेसात किलोवर नेऊनही हातात चार पैसे उरतील. पहिल्या महिन्यात हे जमणार नाही, दुसऱ्यात जमेल.

आता तेलाकडे येते, कारण खान्देशात घर तेलानंच बसतं. तर्री दिसली नाही तर आपल्या माणसांना जेवल्यासारखं वाटत नाही. माझी सासू म्हणायची, 'तेल टाकीसन भाजी कोनबी करस.' तेल ओतून भाजी कुणालाही येते, असं तिचं म्हणणं. तेव्हा मला तो टोमणा वाटायचा. मेस सुरू केल्यावर पहिल्या महिन्याचं तेलाचं बिल पाहिलं आणि ती काय म्हणत होती ते समजलं.

दोन गोष्टी करा. सोमवारी सकाळी एका बरणीत ६०० मिलि तेल मोजून काढा आणि मोठा डबा वरच्या फळीवर ठेवून द्या. आठवडा तेवढ्यावर काढायचा. शनिवारीच बरणी तळाला गेली तर रविवारी वाफेचं किंवा उकडीचं करायचं, वरचा डबा खाली घ्यायचा नाही. बरणी समोर असली की हात आपोआप आखडतो. कॅनमधून थेट कढईत ओतताना किती गेलं हे कुणालाच कळत नाही, मलाही नाही.

दुसरी गोष्ट तर्रीची. रश्श्याची फोडणी चार पळ्यांची करू नका. कांदा-लसूण-मसाला एका पळीत परता, चिकटायला लागला की चमचाभर गरम पाणी शिंपडा, पुन्हा परता. असं तीन-चार वेळा केलं की मसाला शिजतो आणि रंगही सोडतो. रस्सा उकळून तयार झाला की छोट्या कढल्यात दोन चमचे तेल कोमट करा, गॅस बंद करा, मग त्यात चमचाभर मिरची पूड घाला आणि हे रश्श्यावर सोडा. वाढताना प्रत्येक वाटीत लाल तवंग दिसतो. तेल धूर येईपर्यंत तापवलं तर मिरची काळी पडते आणि सगळा रस्सा कडू होतो, तेवढं सांभाळा. आमच्या मेसमध्ये तेल निम्म्यावर आलं ते या एका युक्तीनं, आणि एकाही पोराला पत्ता लागला नाही.

तेलाची पिशवी घेताना वजन वाचा. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. काही पिशव्या दिसायला तेवढ्याच असतात, पण आत ८००-८५० ग्रॅमच असतं, आणि 'स्वस्त' म्हणून आपण तीच उचलतो. पुड्यांचंही तसंच आहे. चहापत्ती, मसाला, धनेपूड दहा रुपयांच्या पुडीत महाग पडते. पण शाम्पू बऱ्याचदा पुडीतच स्वस्त असतो, मोठ्या बाटलीत नव्हे. तेव्हा मोठं पॅक म्हणजे स्वस्त असं धरून चालू नका. दुकानात उभं राहून एकदा भागाकार करा, मोबाइल हातात असतोच.

आता डाळ. साडेसात किलो तूरडाळ आणा असं मी म्हणत नाही, ती सगळ्यांत महाग पडते. तूर अडीच-तीन किलोच ठेवा. बाकी उडीद, मूग, हरभरा, मटकी, चवळी, जे त्या महिन्यात उतरलं असेल ते. आपल्या जुन्या बायकांनी हे गणित कधीच सोडवून ठेवलंय. कळण्याची भाकरी म्हणजे दुसरं काय? मी ४ किलो ज्वारीला १ किलो सालासकट अख्खे उडीद घालते, थोडं खडे मीठ, आणि एकत्र दळून आणते. भाकरीतच डाळ गेली, मग सोबत ठेचा आणि कच्चा कांदा असला तरी जेवण पूर्ण. दादर ज्वारी चवीला गोड असते यात वाद नाही, पण कळण्यासाठी ती वाया घालवू नका. साधी संकरित ज्वारी घ्या, उडीद चव सांभाळून नेतो. एक मात्र आहे, कळण्याचं पीठ पंधरा दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, आपल्या हवेत त्याला लवकर वास येतो. पाच-पाच किलोच दळा.

फुणके, म्हणजे भरड वाटलेल्या डाळीचे वाफवलेले मुटके, तुम्ही करता का? लिहिलेलं नाही. आठवड्यातून एकदा करा. भाजी, वरण, तेल, तिन्ही एकाच दिवशी वाचतं. पाच माणसांना २०० ग्रॅम तूरडाळ, ५० मूगडाळ, ५० हरभराडाळ. दुपारी तीन-चार तास भिजवायची, चाळणीत टाकून पाणी पूर्ण निथळू द्यायचं. वाटताना पाण्याचा थेंबही घालायचा नाही, खरी मेख तिथंच आहे. मिक्सर फिरत नाही म्हणून आपण दोन चमचे पाणी घालतो आणि मग फुणके वाफेवर बसतात, चिकट होतात. थोडी-थोडी डाळ घाला, थांबून-थांबून फिरवा, रवाळ राहू द्या. काही डाळी अख्ख्या दिसल्या तरी चालतं. मग लसूण, हिरवी मिरची, जिरं, हळद, मीठ, कोथिंबीर देठांसकट, आणि एक कांदा बारीक चिरून. हिवाळ्यात कांद्याऐवजी कांद्याची पात किंवा मेथी, जे स्वस्त असेल ते. मुठीत दाबून मुटके करायचे. बोटांचे ठसे त्यावर उमटले पाहिजेत, ठसा उमटला नाही तर पीठ पातळ झालं असं समजा. अशा वेळी मूठभर ज्वारीचं पीठ घाला. चाळणीला तेलाचा हात पुसायचा, खाली पातेल्यात पाणी उकळत ठेवायचं आणि वर झाकण ठेवून पंधरा मिनिटं वाफवायचं. एक फोडून बघा, आत कच्ची ओल दिसली तर आणखी तीन मिनिटं. त्या खालच्या पाण्यात मी चार बटाटे सोडून देते, दुसऱ्या दिवशीची भाजी त्याच गॅसवर उकडून निघते. फुणके कढीत कुस्करून भाकरीशी खायचे. उरले तर सकाळी हातानं मोकळे करून कांद्याच्या फोडणीत परता, मुलं पोह्यासारखे खातात.

माझ्याकडे एक पोरगा कोकणातला होता. पहिल्यांदा ताटात फुणके पाहून म्हणाला, 'काकू, आज भाजी नाही का?' चौथ्या आठवड्यात तोच वार विचारायला लागला.

डुबुकवडे त्याहून सोपे. वाटीभर बेसनात तिखट-मीठ-ओवा घालून दाटसर भिजवायचं आणि खळखळ उकळत्या रश्श्यात बोटांनी सोडायचं. आधी एकच सोडून बघा. तो विरघळला तर बेसन वाढवा. तळणं नाही, भाजी नाही, आणि पाच माणसं जेवतात. पाटोडी, म्हणजे रश्श्यातल्या बेसनाच्या वड्या, हीही त्याच घरातली. वरण-बट्टीबद्दल मात्र सावध राहा. आपण तिला गरिबाचं जेवण म्हणतो, पण उकडून तळलेली बट्टी तेल आणि वर तूप किती पिते ते एकदा मोजा. गोवऱ्यांत भाजलेली बट्टी स्वस्त, शहरातली तळलेली नाही. शेवभाजीचंही तेच. दिसते झटपट, पण ती शेव म्हणजे तळलेलं बेसनच, दुकानदाराच्या भावानं घेतलेलं. तेच बेसन घरात असताना शेव विकत आणायची म्हणजे तळणाचे पैसे वेगळे मोजायचे. पाहुणे आले तर करा, महिन्यातून एकदा.

रात्री खिचडी असतेच, ती चालू ठेवा, फक्त तांदूळ-डाळीचं माप बदला. तुमच्याकडे तीनास एक असेल, दोनास एक करा. वरून लसूण-मिरचीचं तेल प्रत्येकाच्या ताटात एकेक चमचा, पातेल्यात नाही.

मुलांच्या दहा रुपयांचं काय करायचं, तर नुसतं 'नाही' म्हणून भागत नाही, डब्यात काहीतरी असावं लागतं. फुटाणे, शेंगदाणे, मुरमुरे एकत्र करून बरणीत भरा. हळद-मीठ-तिखटाची एक चमचा तेलाची फोडणी द्या. आपल्या भागात केळी आहेतच. गाडीवाल्याकडे फणीपासून सुटलेली केळी असतात, आतून चांगली असतात पण ग्राहक घेत नाही, ती संध्याकाळी निम्म्यात मिळतात. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घरचे असतील तर भाजून द्या, तळून नाही. आणि शनिवारचा एक दिवस पुड्याचा ठेवा. पूर्ण बंद केलं की मुलं शेजारच्या घरी जाऊन मागतात, तो अनुभव माझा स्वतःचा आहे.

आता वहीबद्दल. दुकानदार वाईट असतो असं मी म्हणणार नाही, अडीनडीला तोच उभा राहतो. पण वहीवर घेताना आपण भाव विचारत नाही, वजन बघत नाही, आणि मुलाला पाठवतो. मुलगा आपल्यासाठीही काहीतरी लिहून आणतो. शिवाय उधारी बाकी असली की दुसऱ्या दुकानात जायची लाज वाटते. म्हणून पहिले तीन महिने लाडकी बहीणचे १,५०० किराण्यात न मिसळता थेट वहीवर भरा. ४,००० फिटून ५०० उरतील. त्या तीन महिन्यांत वहीवर नवीन काही चढवायचं नाही. पगार झाला की डाळ, तेल, साखर तेवढं एकदाच रोखीनं, बाजारपेठेतल्या होलसेल दुकानातून. शेजारच्या दोघी-तिघींना सोबत घेतलं तर दहा किलोचा भाव लागतो, नंतर घरी येऊन वाटून घ्यायचं. टोमॅटोचं कॅरेटही आम्ही असंच चौघींत घेतो. आठवडे बाजारात उठता उठता जाणाऱ्या बायका मी बघते. भाव पडतो हे खरं, पण उरलेला मालच गळ्यात पडतो, मेथीची अर्धी जुडी निवडताना फेकावी लागते. कांदे-बटाटे-भोपळा संध्याकाळी, पालेभाजी भर बाजारात, असं मी करते.

चौथ्या महिन्यापासून तेच १,५०० वेगळ्या डब्यात. कारण खरी बचत मोसमात घेतल्यानं होते, आणि त्यासाठी एकरकमी पैसा लागतो. गरीब माणूस महाग खातो ते याचसाठी, त्याच्याकडे हंगामात हजार-दोन हजार मोकळे नसतात. हरभरा आणि गहू होळीच्या आगेमागे येतात, दादरही त्याच सुमारास. तूर त्याआधी निघते, नव्या डाळीचा भाव जरा उतरतो. मूग-उडीद पावसाळा सरता सरता. लाल मिरचीसाठी नंदुरबारचा बाजार सगळ्यांना माहीत आहे, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी घ्यायची. वर्षभर टिकणारा कांदा म्हणजे उन्हाळ कांदा, हिवाळ्यातला साठवायला जाल तर सडेल.

आमच्या गल्लीत बारा जणींची भिशी आहे, ५०० रुपयांची. चिठ्ठी टाकत नाही आम्ही. कुणाला कधी गरज आहे ते बसून ठरवतो. कुणाची शाळेची फी जूनमध्ये, कुणाचं लग्नकार्य. मी माझा नंबर कायम चैत्रात मागून घेते. ६,००० हातात आले की एक क्विंटल गहू येतो आणि वर डाळीला उरतात. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत माझी कोठी भरलेली असते. तुमच्या गल्लीत भिशी असेल तर तिथंही हे बोलून बघा. नसेल तर चार घरांची सुरू करा, पण ओळखीच्या बायकांचीच, आणि पैसे कुणी दिले-घेतले ते वहीत सगळ्यांसमोर लिहून.

पहिल्या वर्षी एकच क्विंटल घ्या, जास्त नको. साठवणीतला माझा घोळ सांगते. पहिल्या वर्षी मी हौसेनं दोन क्विंटल गहू घेतला, गच्चीवर दोन दिवस कडक ऊन दिलं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घाईघाईत तसाच गरम-गरम कोठीत भरून झाकण घट्ट लावलं. आत घाम धरला. श्रावणात झाकण उघडलं तर सोंडे किडे भिंतीवर चढायला लागले. निम्मा गहू चाळून, धुऊन, वाळवून वाचवला, उरलेला कोंबड्यांना गेला. ऊन दिल्यावर धान्य रात्रभर पसरून पूर्ण थंड होऊ द्यायचं, सकाळी भरायचं. १० किलोला दोन चमचे एरंडेल हाताला लावून चोळलं तर कीड लागत नाही, दळायच्या आधी थोडं ऊन दाखवलं की वासही जातो. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण सुकलेला. बोरिक पावडर खाण्याच्या धान्यात घालू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

ऊन म्हटलं की आपण कण्हतो. पण भुसावळात पारा ४५ च्या वर जातो, तो फुकटचा भट्टीवाला आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये टोमॅटो, वांगी, मेथी मातीमोल होतात आणि जून-जुलैत त्यांचाच भाव ऐकून परत यावं लागतं. मग मधल्या तीन महिन्यांत वाळवा. गवार दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढून, वांग्याच्या फोडी मीठ लावून, मेथी सावलीत. मेथी उन्हात टाकली तर पिवळी पडून चव जाते. टोमॅटोच्या चकत्या कडकडीत वाळवून पूड केली की चिमूटभर पुडीत रस्सा आंबट होतो. मुगाच्या वड्या घाला. सासूबाईंना येत असतीलच, तुम्ही लिहिलंय की त्या दिवसभर बसून असतात. त्यांना वड्यांचं काम द्या, पाटावर बसून होतं, आणि पावसाळ्यात भाजी नसेल त्या दिवशी मूठभर वड्यांत घर जेवतं. कैरीच्या फोडी वाळवल्या की वर्षभर आमचूर विकत आणायचं नाही.

याच उन्हाची दुसरी बाजू. एप्रिल ते जून शिजलेला भात, वरण दुपारनंतर बाहेर ठेवू नका. वाचवायला जाल आणि डॉक्टरला द्याल. त्या दिवसांत मापातच शिजवा. भाकरी मात्र टिकते. सकाळची भाकरी संध्याकाळी ताकात कुस्करून, वर ठेचा, यापेक्षा उन्हाळ्यात चांगलं काही नाही. पोळ्या उरल्या तर कुस्करा.

गॅसचं थोडक्यात. १४.२ किलोची टाकी तुमच्याकडे तीस दिवस जाते, ती चाळीसच्या पुढे न्यायला हरकत नाही. डाळ अर्धा तास, कडधान्य रात्रभर भिजवलेलंच शिजवायचं. कुकरमध्ये डाळ-भात-बटाटा एकावर एक. पहिली शिट्टी झाली की आच मंद. मोठ्या आचेवर शिट्ट्या जास्त होतात, डाळ लवकर शिजत नाही. ज्योत पिवळी दिसली तर बर्नर काढून पिन मारून साफ करा. भरिताची वांगी गॅसवर भाजायची सोय म्हणजे गॅसचा नाश. गावी गेलात की कपाशीच्या काड्यांवर चार वांगी एकदम भाजून आणा, चवही त्यातच आहे. टाकी लावली की तिच्यावर खडूनं तारीख लिहा. बाकी काही केलं नाही तरी त्या तारखेची चढाओढ लागते.

विजेत एकच बघा. महावितरणच्या बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर वेगळा असतो, पुढचं युनिट जवळपास दुपटीनं पडतं. तुमचं बिल १२०-१३० युनिटांचं आहे, म्हणजे वरचे वीस-तीस कमी केले की फरक लगेच दिसतो. जुना पंखा ७५ वॉटचा, दिवसाला पंधरा तास चालला तर महिन्याला ३४ युनिट होतात. नवा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा तेवढ्याच वेळात तेरा-चौदा युनिट घेतो. भिशीचा एखादा नंबर त्यासाठी ठेवा, पण धान्याच्या नंतर. उन्हाळ्यात कूलर लागणारच, तो बंद करा असं मी म्हणणार नाही. मुलं झोपली पाहिजेत.

एक गोष्ट तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात ती मला टोचली. 'मी शेवटी उरेल ते खाते, त्यामुळे माझा काही प्रश्न नाही.' ताई, तो हिशेबातला सगळ्यात महाग पदार्थ आहे. तुम्ही आजारी पडलात की त्या घरात स्वयंपाक बाहेरून येतो. माझ्या मेसवर भांडी घासणारी बाई असंच करायची. चक्कर येऊन पडली, सलाइन लागलं, महिन्याची बचत एका दिवसात गेली. वाढताना पाचही ताटं एकदम वाढा आणि त्यातलं एक तुमचं. डाळीचं माप पाच माणसांचं काढलंय मी, चार नाही.

कोथिंबिरीचे देठ, फ्लॉवरचे दांडे, मुळ्याचा पाला हे सगळं तुम्ही वापरत असालच, त्यावर लिहीत बसत नाही. रावेर-यावलकडे ओळख असेल तर केळफुलं मागून बघा, घड धरला की ती कापून टाकतात. निवडायला तास जातो आणि हात काळे होतात, त्यामुळे ज्या दिवशी सासूबाई मदतीला असतील त्याच दिवशी.

आता सुरुवात कुठून करायची, तर सोमवारच्या बरणीतून. ६०० मिलि मोजा, आणि मंगळवारी फुणके भिजत घाला. वहीच्या शेवटच्या पानावर फक्त चार रकाने पाडा: तेल, डाळ, पुडे, गॅसची तारीख. बाकीचं लिहिलं नाही तरी चालेल. येत्या वीस तारखेला मोठ्या डब्यात तेल किती उरलंय ते मला कळवा, मग साखरेच्या चार किलोंवर बोलू. चहाच्या बाबतीत तुमचे मिस्टर ऐकणार नाहीत, त्याची तोड वेगळी आहे.